घाटात दम सोडणारी पिकअप : पंप-नोझलला हात लावण्याआधी

पत्र थोडक्यात : रत्नागिरी जिल्ह्यातले एक वाचक लिहितात. माझी २०१२ सालची, अडीच लिटरच्या कॉमन रेल डिझेल इंजिनाची पिकअप आहे. दोन लाख चाळीस हजार किलोमीटर झालेत. हंगामात आंबा आणि एरवी मिळेल तो माल घेऊन कोल्हापूरला जातो. गेले दोन महिने आंबा घाटात गाडी ओढत नाही. साखरप्यापर्यंत ठीक असते. चढण लागली की दहा-पंधरा मिनिटांत एकदम दाबून धरल्यासारखी होते, इंजिनाचा दिवा लागतो आणि कितीही रेस दिली तरी आरपीएम पंचवीसशेच्या वर जात नाही. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की पहिल्यासारखी, थोडं वर गेलं की परत तेच. धूर विशेष नाही. रिकामी असताना सपाटीला तक्रार नाही. एअर फिल्टर बदलला. डिझेल फिल्टर पावसाळ्याआधी बदलला होता. टाकीत इंजेक्टर साफ करायचं औषधही ओतून पाहिलं. आमचे मेस्त्री वडिलांच्या काळापासूनचे. त्यांनी स्कॅनर लावून घेतला, तर 'पी ००८७' हा कोड आला, म्हणजे रेल प्रेशर कमी. पंप आणि चारही नोझल करावे लागतील, सत्तर हजार धरा, असं ते म्हणतात. भाऊ म्हणतो, जुन्या गाडीत एवढे पैसे घालण्यापेक्षा विकून टाक. मेस्त्रींवर अविश्वास दाखवायचा नाही, पण रक्कम मोठी आहे. काय करू?

नमस्कार.

सत्तर हजार घालायचे की गाडी विकायची, असा तुमचा प्रश्न आहे. पण दोष कुठे आहे हे अजून कुणी शोधलेलंच नाही. पत्रात जे घडलंय ते इतकंच, की स्कॅनरने एक वाक्य सांगितलं आणि त्या वाक्यावरून सगळ्यात महागडे भाग दोषी ठरले.

पी ००८७ चा अर्थ एवढाच की इंजिनाच्या कॉम्प्युटरने, म्हणजे ईसीयूने, रेलमध्ये, म्हणजे चारही इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या दाबाच्या जाड नळीत, जितका दाब मागितला तितका तयार झाला नाही. का झाला नाही, ते कोड सांगत नाही. दाब कमी पडायला चार कारणं असू शकतात. पंपापर्यंत पुरेसं डिझेल पोचत नाही. किंवा पोचतं, पण पंपाला किंवा त्याच्या मीटरिंग झडपेला (पंपात किती डिझेल शिरू द्यायचं ते ही ठरवते) दाब तयार करता येत नाही. किंवा दाब तयार होतो, पण झिजलेल्या इंजेक्टरमधून (मेस्त्री ज्याला नोझल म्हणतात) नाहीतर रेलवरच्या, जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परतणाऱ्या पाइपात, निघून जातो. चौथं कारण म्हणजे दाब व्यवस्थित आहे, पण सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलते आहे. मेस्त्रींनी दुसरं आणि तिसरं कारण एकदम धरलं. पहिलं आणि चौथं तपासायला फार तर एका फिल्टरचे पैसे आणि एक दिवस लागतो.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तुम्ही सहज लिहून गेलात. चावी बंद-चालू केली की गाडी पहिल्यासारखी होते. झिजलेला पंप चावी फिरवल्याने दुरुस्त होत नाही. आरपीएमला पंचवीसशेवर लागलेला आडणा ईसीयूने मुद्दाम घातलेला आहे, त्याला लिम्प मोड म्हणतात. मागितलेला आणि मिळालेला दाब यांत मोठा फरक दिसला की इंजिन वाचवायला तो डिझेल कमी करतो, आणि चावी बंद झाली की नव्याने मोजायला लागतो. तेव्हा जो जोर गेलेला तुम्हाला जाणवतो, त्यातला बराचसा दोषाचा नाही, त्या बंधनाचा आहे. मूळ कमतरता अगदी थोडी असू शकते, जी फक्त पूर्ण लोडवर उघडी पडते. रिकामी गाडी सपाटीला ठीक चालते ती म्हणूनच, तिथे डिझेल लागतंच किती?

मेस्त्रींच्या बाजूनेही एक गोष्ट आहे, ती लपवणार नाही. दोष दहा-पंधरा मिनिटांनी येतो. चढणीवर डिझेल तापतं, पातळ होतं आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून थंड असतानापेक्षा जास्त गळतं. म्हणजे तुमची लक्षणं इंजेक्टरच्या झिजेशीही जुळतात. पण टाकीतल्या जाळीवर हळूहळू कचरा चिकटत जाणं, टाकीच्या झाकणाचा श्वास कोंडणं, पाण्याने फुगलेला फिल्टर, यांनाही तसाच वेळ लागतो. अनुमानाने यातलं काहीच वेगळं काढता येत नाही, मोजावं लागतं.

सुरुवात मात्र इंजिनाच्या बाहेरून करा. सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगाला न्यूट्रल करून गाडी किती सहज वाहते ते बघा. मग ब्रेक फारसा न मारता थांबून चारही चाकांच्या ड्रमजवळ आणि रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा कडक तापलं असेल तर ब्रेक धरून ठेवतोय. चढणीवर वरच्या गिअरमध्ये रेस दिल्यावर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, असं असेल तर क्लच घसरतोय. तुमच्या बाबतीत दिवा लागतो आणि आरपीएमच अडतो, त्यामुळे क्लचवर माझा संशय नाही. पण दिवा न लागता 'ओढत नाही' अशी तक्रार असणाऱ्या वाचकांनी हे दोन्ही आधी बघावं.

आणि माल किती भरता? पाच डझनांची लाकडी पेटी आंबा आणि गवत धरून अठरा-वीस किलोची होते. नव्वद पेट्या म्हणजे सतराशे किलोच्या आसपास. तुमच्या आरसीवर भरलेलं वजन आणि रिकामं वजन छापलेलं आहे, वजाबाकी करून बघा. बाराशे-साडेबाराशे किलोच्या गाडीत सतराशे घालून घाट चढवायचा तर इंजिनाला त्याच्या ताकदीच्या अगदी काठावर मिनिटामागून मिनिटं चालवावं लागतं. मग डिझेलच्या वाटेतली छोटीशी अडचणही तिथे लगेच बोलते. ओव्हरलोड हे दोषाचं कारण नसेल, पण दोष लवकर दिसण्याचं कारण नक्की आहे.

आता डिझेलची वाट. टाकी, टाकीतली उचल-नळी आणि तिची जाळी, रबरी पाइप, हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल पुढे ढकलायचा फुगा किंवा बटण), फिल्टर, मग हाय प्रेशर पंप. या पिढीच्या बऱ्याच पिकअपमध्ये टाकीत विजेची मोटर नसते. हाय प्रेशर पंपाच्या पोटातला छोटा पंपच टाकीपासून डिझेल खेचतो. त्यामुळे हा सगळा भाग दाबाखाली नसून ओढीखाली असतो. इथे पाइपला चीर असेल तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, बाहेरची हवा आत जाते. 'कुठेच लिकेज नाही, मी बघितलंय' हे वाक्य म्हणून इथे उपयोगाचं नाही.

पहिली चाचणी फुकट आहे. पुढच्या फेरीला गाडीने दम सोडला की चावी बंद करण्याआधी टाकीचं झाकण सैल करा. फुस्स असा हवा आत जाण्याचा आवाज आला, तर झाकणातलं किंवा टाकीचं हवेचं भोक चोंदलंय. परतीला नाही, पुन्हा भरलेल्या गाडीनेच, झाकण सैल ठेवून आणि वर स्वच्छ फडकं घट्ट बांधून घाट चढून बघा. टाकी काठोकाठ भरू नका. दोष आला नाही तर नवं झाकण घ्या, काम संपलं.

त्याच फेरीत टाकीत डिझेल किती होतं ते लिहून ठेवा. टाकी अर्ध्याखाली असतानाच त्रास होत असेल तर उचल-नळीत वर कुठेतरी चीर किंवा जाळीवर गाळ असण्याची शक्यता वाढते. चावी बंद करून अर्ध्या मिनिटात पुन्हा निघालात तर किती वेळ गाडी नीट ओढते, आणि दहा मिनिटं थांबून निघालात तर किती वेळ, हेही लिहा. थांबल्याने जास्त वेळ मिळत असेल तर काहीतरी निवावं किंवा खाली बसावं लागतंय. एक डिझेल तरी किंवा जाळीवरचा कचरा.

मग फिल्टर. पावसाळ्याआधी बदलला होता म्हणजे पूर्ण कोकणी पावसाळा त्याने बघितला आहे. अर्धवट टाकीत दमट हवा शिरते, रात्री तिचं पाणी होतं आणि तळाला बसतं. फिल्टरच्या बुडाशी पाणी काढायचा स्क्रू असतो. इंजिन बंद करून, खाली पारदर्शक बाटली धरून, तो सैल करा आणि साधारण कपभर डिझेल काढून पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. मग तो फिल्टर काढून त्यातलं डिझेल पांढऱ्या स्टीलच्या थाळीत ओता. काळपट गाळ असेल तर टाकी खोलून धुवायला हवी.

पण थाळीत चंदेरी चमक दिसली, धातूची बारीक पूड, लोहचुंबकाला चिकटो वा न चिकटो, तर तिथेच थांबा आणि गाडी पुन्हा सुरू करू नका. ती पूड बहुतेक वेळा पंपाच्या आतून येते, रिटर्नच्या वाटेने टाकीत पोचते आणि फिरून फिल्टरपर्यंत येते. अशा वेळी मेस्त्री बरोबर आहेत. उलट त्यांचा अंदाज कमीच पडेल. नुसता पंप आणि नोझल बदलून टाकी, पाइप आणि रेल तशीच ठेवली तर राहिलेली पूड नव्या भागांनाही खाते. सगळं धुऊन काढावं लागतं. मीटरिंग झडपेच्या तोंडाशी बारीक जाळी असते. पंपावरून ती झडप काढून बघितली तरी चमक तिथे सापडते. पंप उतरवण्याआधी एवढं तरी दाखवा, असं नक्की म्हणा.

चमक नसेल तर नवा फिल्टर घाला, आणि तो नावाजलेल्या कंपनीचा, बिल घेऊन. नकली फिल्टरमधला कागद धूळ सोडतो आणि ती धूळ नेमकी इंजेक्टरची सुई झिजवते. बसवताना एक चूक सर्रास होते. हवा लवकर निघावी म्हणून नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने मधल्या भोकातून भरतात. बहुतेक फिल्टरमध्ये मधलं भोक म्हणजे गाळून झालेल्या डिझेलची बाजू. न गाळलेलं डिझेल तिथे ओतलं की ते सरळ पंपात जातं. फिल्टर कोरडा बसवा आणि हँड प्रायमर कडक होईपर्यंत दाबत राहा. स्टार्टर मारत बसून पंप कोरडा फिरवू नका, डिझेल हेच त्या पंपाचं ऑइल आहे.

यानंतर फिल्टर ते पंप या टप्प्यात हातभर पारदर्शक डिझेल पाइप तात्पुरता जोडायला सांगा. इंजिन सुरू करून आधी निष्क्रिय, म्हणजे रेस न देता, मग अडीच हजार आरपीएमवर. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे चालतात. पण दोन मिनिटांनंतरही हवेची माळ येत राहिली तर पाइप एअर धरतोय. क्लिपा, प्रायमरचे सांधे आणि फिल्टरचा ओ-रिंग बघा. जुना रबरी पाइप बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून अस्तर सुटून ओढीखाली चपटा होतो, म्हणून हाताने दाबून कुठे मऊ लागतो ते तपासा. आंब्याच्या पेट्यांच्या वासाने उंदीर-खारी गाडीखाली येतात, त्यांचे दातही बघून घ्या.

एवढं करूनही शंका उरली तर निर्णायक चाचणी कॅनची. वीस लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घ्या. पंपाकडे जाणारा पाइप नव्या फिल्टरमधून या कॅनला जोडा, रिटर्नही त्याच कॅनमध्ये सोडा. रिटर्न टाकीत ठेवलात तर कॅन बघता बघता रिकामा होईल. कॅन हौद्यात पट्ट्याने पक्का बांधा. पाइप सायलेन्सरपासून लांब न्या आणि मेस्त्रींना सोबत घेऊनच भरल्या गाडीने चढण चढा. दोष गेला तर टाकीपासून फिल्टरपर्यंतच कुठेतरी अडचण आहे, आणि ती काढायला सत्तर हजारांच्या जवळपासही खर्च येत नाही. दोष तसाच राहिला तर डिझेलची पुरवठ्याची बाजू सुटली, आता पंप आणि इंजेक्टर यांच्याकडे जायचं.

तिकडे जाण्याआधी स्कॅनर पुन्हा लावा, पण या वेळी कोड वाचायला नाही, चालू गाडीचे आकडे बघायला. मेस्त्रींना किंवा स्कॅनरवाल्याला शेजारी बसवून घाटात चला. पडद्यावर तीन गोष्टी ठेवा : मागितलेला रेल प्रेशर, प्रत्यक्ष रेल प्रेशर आणि मीटरिंग झडपेचा आकडा. निष्क्रिय असताना अडीचशे ते साडेतीनशे बार (बार हे दाबाचं माप), आणि पूर्ण लोडला इंजिनानुसार तेराशे ते सोळाशेपर्यंत मागणी, असा या पिढीचा साधारण पल्ला असतो. चढणीवर मागणी वर जाते आणि प्रत्यक्ष दाब हळूहळू मागे पडत जातो, झडप पूर्ण उघडून बसते, असं दिसलं तर कमतरता खरी आहे. दाबाचा आकडा एकाएकी कोसळून पुन्हा जागेवर येत असेल, आणि इंजिनाला त्या क्षणी काही जाणवत नसेल, तर सेन्सर, त्याचा कनेक्टर किंवा वायर बघा. इंजिन बंद करून पाचेक मिनिटांनी नुसती चावी चालू केली की रेल प्रेशर शून्याजवळ दिसायला हवा. तिथे तो पन्नास-साठ बार दाखवत असेल तर सेन्सरचं काहीच खरं धरू नका. मीटरने मोजायचं तर सेन्सरला पाच व्होल्टचा पुरवठा असतो आणि दाब नसताना सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या आसपास येतो.

कोकणात कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात आणि इंजिनाचं अर्थिंग गंजतं. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत, स्टार्टर फिरत असताना, व्होल्टमीटरवर ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी काढून घासून बसवा. बॅटरीने स्टार्टर मारताना साडेनऊ-दहा व्होल्टखाली जाऊ नये आणि इंजिन चालू असताना चार्जिंग साधारण १३.८ ते १४.५ असावं. ही पाच मिनिटांची तपासणी आहे, पण अडेल ईसीयूच्या अर्ध्या तक्रारी इथेच संपतात.

इंजेक्टर तपासायचे तर रिटर्नची चाचणी करा, कारण तिला ना मोठं यंत्र लागतं ना इंजेक्टर बाहेर काढावे लागतात. चारही इंजेक्टरच्या डोक्यावरचे रिटर्न पाइप काढून प्रत्येकाला एक सारखी पारदर्शक नळी आणि सारखी बाटली लावायची. मूळ रिटर्न लाइनचं उघडं तोंड बुचाने बंद करायचं. इंजिन गरम असायला हवं, थंड इंजिनावर ही चाचणी फसवते. तीन मिनिटं निष्क्रिय, मग एक मिनिट दोन-अडीच हजारांवर, मग बंद करून चारही बाटल्या शेजारी शेजारी. चारही जवळपास सारख्या आणि थोड्या असतील तर इंजेक्टरवरचा आरोप मागे घ्या. तीन सारख्या आणि एक दुपटीने-तिपटीने भरली तर दोषी एकच आहे. चारही भराभर भरत असतील तर मात्र चारही झिजलेत, आणि मेस्त्रींचं निदान खरं ठरतं. बाटल्यांतली पातळी त्या इंजिनाच्या दुरुस्ती-पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून घ्या. बाटल्या ठीक, पुरवठा ठीक, सेन्सर ठीक आणि तरीही दाब पडतो, तेव्हा रेलवरच्या रिलीफ व्हॉल्व्हचा रिटर्न बघायचा. तो लोडवर कोरडा हवा. तो कोरडा असेल तर उरला पंप आणि त्याची मीटरिंग झडप. झडप बऱ्याच पंपांवर वेगळी मिळते. ती अडकत असेल तर अख्खा पंप बदलायचं कारण नाही.

इथे एका जुन्या सवयीबद्दल कडक शब्दांत सांगायला हवं. मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाड्यांत कुठला सिलेंडर काम करत नाही ते शोधायला, चालू इंजिनावर एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करायची पद्धत होती. वडिलांच्या काळापासूनच्या मेस्त्रींच्या हातात ती असणारच. कॉमन रेलमध्ये हे कधीही करू नका आणि करू देऊ नका. हजार बारच्या पुढची धार कातडी भेदून डिझेल बोटात घुसवते. बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते आणि आत मांस कुजतं, बोट किंवा हात काढायची वेळ येते. असं झालंच तर मलम लावून थांबायचं नाही, जिथे सर्जन आहे त्या रुग्णालयात तडक जायचं आणि दाबाखालचं डिझेल शिरलंय हे स्पष्ट सांगायचं. इंजिन बंद केल्यावरही हाय प्रेशर नटला हात लावण्याआधी काही मिनिटं जाऊ द्यावीत. गळती शोधायला बोट फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. सिलेंडर बंद करून बघायचा तर स्कॅनरमधून बंद करता येतो. इंजेक्टरच्या वायरही चालू इंजिनावर उपसू नयेत, तिथे बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्ट असतात.

इंजेक्टर काढायचीच वेळ आली तर एक की चार हा निर्णय पंप-नोझलवाल्याच्या टेस्ट बेंचवर होऊ द्या. प्रत्येक इंजेक्टरचा निष्क्रिय, मधला, पूर्ण लोड आणि रिटर्न अशा टप्प्यांवरचा छापील रिपोर्ट मागा. तोंडी 'सगळे वीक आहेत' यावर पैसे देऊ नका. बसवताना खालचा कॉपर वॉशर नवाच हवा. जुना वॉशर पुन्हा घातला की ज्वलनाचा वायू बाजूने वर येतो, इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर साचतो आणि पुढच्या वेळी तो इंजेक्टर निघता निघत नाही. बऱ्याच इंजेक्टरच्या डोक्यावर अंक-अक्षरांचा कोड कोरलेला असतो. नवा इंजेक्टर घातला, किंवा काढताना जागा बदलली, की तो कोड स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. तो भरला नाही तर नवे इंजेक्टर असूनही इंजिन खडखडतं, धूर टाकतं, आणि मग गाडीवर 'नवे घालूनही फरक नाही' असा शिक्का बसतो. काढण्याआधी चारही कोडांचे फोनवर फोटो काढून ठेवा.

तुम्ही धूर नाही असं लिहिलंत म्हणून मी हवेच्या बाजूकडे वळलो नाही. पण अशीच तक्रार काळ्या धुरासह असणाऱ्या पुष्कळ वाचकांनी वाट बदलावी. काळा धूर म्हणजे डिझेल येतंय, हवा कमी पडतेय. आधी टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंतचे रबरी होज बघा. निष्क्रिय असताना चीर मिटलेली असते आणि दाब चढला की उघडते. लोडवर शिट्टीसारखा आवाज आणि होजच्या खाली तेलकट ओल ही तिची खूण. मग ईजीआर झडप, जी जळलेल्या वायूचा थोडा भाग परत इंजिनात सोडते. ती उघडी अडकली की जळलेला वायू सतत आत जातो. ती कायमची पत्रा मारून बंद करायचा सल्ला रस्त्यावर सगळेच देतात. त्याने धूर बदलतो, पण प्रदूषणाच्या नियमात ते बसत नाही आणि ज्या गाड्यांत ईसीयू तिच्यावर लक्ष ठेवतो तिथे उलट दिवा लागून लिम्प मोड येतो. काढून काजळी साफ करा, चिकटत असेल तर बदला. हवेच्या दाबाचा सेन्सर स्कॅनरवर बघायची युक्तीही सोपी आहे : इंजिन बंद, चावी चालू. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर शंभर किलोपास्कलच्या आसपास दिसायला हवा, पुण्यात पंच्याण्णवच्या जवळ. यापेक्षा फार वेगळा आकडा आला तर पुढचं सगळं गणित चुकतं. पांढरा, डोळे झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, आणि तो इंजिन तापल्यावरही राहिला तर कॉम्प्रेशन मोजा. निळा धूर ऑइलचा, टर्बोचे सील किंवा रिंगा.

टाकीत ओतायच्या औषधांबद्दल : जाळी चोंदली असेल किंवा पाइप हवा खेचत असेल तर कुठलंही औषध तिथे पोचून काही करत नाही. रॉकेल मिसळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, रॉकेलला डिझेलइतका वंगणाचा गुण नाही आणि हाय प्रेशर पंप त्याने लवकर जातो. 'चिप मारून घ्या, ताकद वाढेल' (म्हणजे ईसीयूला जास्त डिझेल द्यायला लावणं) हे तर आत्ता मुळीच नको. जी गाडी आहे तो दाब देऊ शकत नाही, तिच्याकडून जास्त मागायचं कशाला?

आता मेस्त्री. त्यांच्या निदानावर शंका घ्यायची नाही, त्यांच्यासोबत तपासायचं. 'पंप उतरवण्याआधी मी फिल्टर आणि टाकीचं काम करून घेतो, मग रिटर्नच्या बाटल्या लावून बघू, तुमची मजुरी मी वेगळी देतो' असं म्हणा. तपासणीची मजुरी वेगळी द्यायचं कबूल करणं महत्त्वाचं आहे. आपल्याकडे मेस्त्रीला शोधण्याचे पैसे कुणी देत नाही, भाग बदलला तरच बिल होतं, आणि मग भाग बदलले जातात. यात त्यांचा एकट्याचा दोष नाही.

विकायचं म्हणाल तर दिवा लागणारी, लिम्प मोडमध्ये जाणारी गाडी विकताना गिऱ्हाईक दुरुस्तीचा सगळ्यात मोठा आकडा धरूनच किंमत पाडणार. टाकी-फिल्टरपुरता दोष निघाला तर तुम्ही तेवढं नुकसान विनाकारण सोसाल. दुसरीकडे, धातूची पूड सापडली, चारही बाटल्या भरल्या आणि शिवाय ऑइल खाणं किंवा कॉम्प्रेशन पडणं हेही असेल, तर भावाचं म्हणणं विचारात घ्या. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं, पर्यावरण कर लागतो, चेसिसला कोकणातला गंज असतो. गाडी उचलून चेसिसच्या आडव्या पट्ट्या आणि स्प्रिंगांचे हँगर हातोडीने ठोकून बघा. लोखंड ठण वाजलं तर इंजिनावर खर्च करण्यात अर्थ आहे. पापुद्रे पडायला लागले तर नवे नोझल घालून ती गाडी तुम्ही किती वर्षं वापरणार?

काहीही दुरुस्त केलंत तरी कोड पुसून घ्या आणि चाचणी गॅरेजच्या आवारात करू नका. पूर्वी ज्या वजनाला त्रास झाला तितकंच वजन भरा, टाकीत तितकंच डिझेल ठेवा, साखरप्याहून घाट चढा, स्कॅनर लावलेला असू द्या, आणि निम्मे पैसे वर पोचल्यावर द्यायचे हे आधीच बोलून ठेवा.